अष्टग्रहीतलं वरोर

फेब्रुवारी १९६२. आठ ग्रह एका राशीत येणार आणि जग बुडणार, म्हणून वरोरच्या सगळ्या होड्या वाळूत ओढून ठेवल्या होत्या. बोंबील वाळवायच्या काठ्या मोकळ्या पडल्या होत्या आणि किनाऱ्यावर होम पेटला होता.

मी याच गावची हंसा, वेधशाळेत नोकरीला. रजा काढून मुद्दाम सांगायला आले, की ग्रह आपल्याला जवळ दिसतात इतकंच, एकमेकांपासून कोट्यवधी मैल लांब असतात. काही होणार नाही, खुशाल दर्यावर जा.

"बाईमाणूस आभाळाला डोळे लावून बसते, म्हणून तर ग्रह कोपले!" नारू तांडेल ओरडला. हा माझा सख्खा काका. बायकांनी माझी पिशवी रस्त्यावर फेकली. आठ ग्रहांचं गणित मांडलेले माझे कागद काकानं स्वतःच्या हातानं होमात घातले. मला ढकलत एसटीत बसवलं, तेव्हा आईनं दाराची कडीसुद्धा काढली नाही.

जग बुडायचा तो सोमवार उजाडला आणि मावळला. काहीही झालं नाही. मंगळवारी होड्या दर्यावर गेल्या.

महिन्याभरानं काकाचं पोस्टकार्ड आलं, शाळेतल्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. मला वाटलं, माफी मागितली असेल.


"चि. हंसा हिस अनेक आशीर्वाद. तुला हाकललं म्हणून गाव वाचलं, हे आता सर्वांना पटलं आहे. पुढच्या ग्रहणाला दोन दिवस आधीच ये, म्हणजे वेळेवर हाकलता येईल."