दारातल्या अक्षता

मुरबाडात सेवा मंडळ काढायचं योगिनीच्या मनाने घेतलं होतं. पहिलं काम बाजारामागची गाळाने बुजलेली विहीर उपसायचं. मोबाइलवर निरोप गेले, भरभरून अंगठे आले, पण माणूस एकही आला नाही.

"आत्ये, या रविवारी कोणी नाय आलं तर मंडळ इथंच बंद."

गोजाआत्या हसली. "मोबाइलवर कोन येतंय गो? दारात अक्षता दिल्याबिगर आपल्यात कोन उंबरा ओलांडतो?"

योगिनी खरंच घरोघरी अक्षता देत फिरली. "रविवारी सकाळी विहिरीवर या," एवढंच म्हणाली.

रविवारी धुकं विरता विरता माणसं आली ती स्वप्नातल्यासारखी. जरीची लुगडी, फेटे, गजरे आणि पुढे ताशा.

"नवरी कुठंय गो?" शेजारच्या रंगूकाकीने विचारलं.

योगिनीने चाचरत विहिरीकडे बोट केलं. ताशा थांबला.

रंगूकाकी काठाशी गेली. वाकून बराच वेळ आत बघत राहिली. मग जरीच्या लुगड्याचा ओचा खोचत म्हणाली, "पोरीला आधी न्हाऊ घालाया पायजे. उतरा गो सगळ्या, हळद मागून लावू."