झाकलेलं पातेलं

मोजे घ्यायला हेरिन मागच्या गॅलरीत गेली आणि तिला वॉशिंग मशीनच्या आड, जुन्या टॉवेलखाली लपवलेलं पातेलं दिसलं. तिने झाकण उचललं आणि तिच्या डोक्यात तिडीकच गेली. आत समुद्रशेवाळाचं सूप होतं. अजून वाफाळत होतं.

मुलाखतीच्या दिवशी! कोरियात परीक्षेच्या सकाळी हे सूप कुणी घरात शिजवत नाही. बुळबुळीत पदार्थ तो. खाणारा घसरतो, नापास होतो. वाढदिवसाला ते हवंच, पण हेरिनचा वाढदिवस केव्हाच होऊन गेला होता.

हेरिन राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध शिकत होती. एरवी असल्या समजुतींना ती हसायची. आज मात्र हसू येईना. विद्यापीठातून वर्षभर वॉर्साला शिकायला जाण्यासाठी एकच जागा होती आणि थोड्याच वेळात तिची मुलाखत होती. आठवडाभर तिच्या जिवाला थारा नव्हता. आत्ताही ती टिपणांत डोकं खुपसून कशीबशी न्याहारी उरकून उठली होती.

"आई, हे काय आहे?"

आई हात पुसत आली. पातेलं पाहून तिचा चेहरा पडला. "तुझ्यासाठी नाही ते."

"मग कुणासाठी? घरात आपल्या दोघींशिवाय आहे कोण?"

आईने झाकण परत पातेल्यावर ठेवलं.

"मी जाऊ नये असंच वाटतंय ना तुला? सरळ सांग की तोंडावर! बाबा परत आले नाहीत, म्हणून मीही यायची नाही, असंच ना?"

बाबा वर्षभरासाठी म्हणून हनोईच्या कारखान्यात गेले होते. तिथेच त्यांनी दुसरा संसार थाटला. तेव्हापासून या घरात 'एक वर्ष' हे शब्द कुणी सहज उच्चारत नसे.

"जा तू," आई हळूच म्हणाली. "उशीर होईल."

हेरिनने पातेलं उचललं आणि सगळं सूप सिंकमध्ये ओतून दिलं. आईने अडवलं नाही.

मुलाखत घ्यायला प्राध्यापक ग्वाक होते. गोड बोलून विकेट काढण्याबद्दल प्रसिद्ध.

"सांगा बघू, समोरच्या देशाच्या मनात काय आहे हे कशावरून ओळखाल?"

"तो काय लपवतो त्यावरून, सर," हेरिन ताडकन म्हणाली.

पुढे तिने इतिहासातली उदाहरणं दिली, पण डोळ्यांसमोर तो जुना टॉवेलच होता. ग्वाकसरांनी मान डोलावली. निकाल शुक्रवारी लागणार होता. बाहेर आल्यावर तिला हायसं वाटायला हवं होतं. ते काही वाटेना. बसथांब्यावर ती नुसती येरझाऱ्या घालत राहिली.

तेवढ्यात वांदो बेटावर राहणाऱ्या मावशीचा फोन आला.

"काय गं, कशी झाली मुलाखत? आणि ताईने सूप खाल्लं ना? मीच पाठवलं होतं शेवाळ."

"तू पाठवलंस? कशाला?"

"कशाला म्हणजे? आज वाढदिवस तिचा! तारखेने नाही गं, तिथीने. साऱ्या जगाचे तह तोंडपाठ तुला, आणि आईची तिथी लक्षात राहत नाही होय? बिचारी दरवर्षी आपली आपणच शिजवून खाते."

हेरिनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बस सोडून ती आधी बाजारात गेली.

घरी आई शिवणयंत्रावर बसली होती. हेरिन तडक स्वयंपाकघरात शिरली. लसूण करपला, मीठ जास्त पडलं. तरी तिने वाटी भरली आणि दोन्ही हातांनी आईपुढे धरली.

"चुकलं माझं, आई. काय वाट्टेल ते बोलले मी."

आईने एक चमचा तोंडात घातला. "खारट झालंय," ती म्हणाली आणि दुसरा चमचा घेतला. दोघी हसल्या. हेरिनच्या मनावरचं ओझं उतरलं.

"पण सकाळीच सांगायचंस ना, वाढदिवस आहे म्हणून! लपवायचं काय होतं एवढं? मी थोडीच खाणार होते ते?"

आईच्या हातातला चमचा थांबला.

"खाल्लं असतंस. पुस्तकात डोकं घातलंस की समोर काय वाढलंय ते तुला कळत नाही." ती वाटीकडे बघत राहिली. "पहिली वाटी तुझ्यापुढेच ठेवली होती मी. तू पान उलटत होतीस, तेवढ्यात मीच परत उचलली. मग माझाच मला भरवसा वाटेना, म्हणून ठेवलं लपवून."