तेजरावची मिशी

"आता यांना घरीच न्या," असं डॉक्टरांनी माझ्याबद्दल सांगितलं, त्याला वर्ष झालं. तेव्हापासून धाकटा भाऊ तेजराव रोज संध्याकाळी माझ्या खाटेजवळ येऊन बसायचा, मिशीला पीळ देत.

"लई जपू नको तिला," मी म्हणायचो. "माझ्या दहाव्याला काढावीच लागंल."

"मंग तू जल्दी करू नको, दादा. आत्ता कुठं बराबर वळण आलंय तिला."

एक दिवस शेतातून येताना तेजराव जरा बांधावर टेकला, तो उठलाच नाही.

आज त्याचा दहावा. हसनाबादला नदीवर त्याची पोरं, पुतणे एकामागून एक न्हाव्यासमोर बसले. न्हावी आधी डोक्याला पाणी लावायचा, मग वस्तरा. सगळ्यांचं झाल्यावर टोपी काढून मीही पुढं बसलो. न्हाव्यानं वस्तरा धुऊन बाजूला ठेवला.

"धाकट्या भावासाठी मोठ्यानं केस काढायचे नसतेत, बाबा."

"ठाऊक आहे," मी म्हणालो. "नुसतं पाणी तरी लाव."