सूचनापेटीची किल्ली

“किल्ली घरी राहिली,” मुख्याध्यापक म्हणाले.

पुरस्कार समितीच्या बाई खुर्चीत आणखी ऐसपैस बसल्या. घर जवळच असेल तर कुणाला तरी पाठवा, आपल्याला घाई नाही, असं म्हणून त्यांनी चष्मा पुसायला घेतला. आता आली का पंचाईत! आदर्श शाळा-नेतृत्वाच्या पुरस्कारासाठी मुख्याध्यापकांनी चाळीस पानी अर्ज केला होता. पुरस्कार मिळाला की संस्थेचं संचालकपद आपल्याकडे चालत येणार, हे त्यांनी बायकोला सांगूनही टाकलं होतं. अर्जाच्या अकराव्या पानावर टेबलावरच्या याच सूचनापेटीचा फोटो होता. पेटीवर त्यांचा हात, आणि खाली ओळ: ‘शाळा मुलं चालवतात, मी फक्त ऐकतो.’ पेटीतल्या सहाशे बारा सूचना तीन वर्षांत अमलात आणल्याचंही पुढे लिहिलं होतं. हा आकडा त्यांना दाढी करताना सुचला. नुसते सहाशे जरा गुळगुळीत वाटत होते.

सकाळपासून सगळं कसं बेतल्यासारखं चाललं होतं. फक्त मुलींच्या स्वच्छतागृहापाशी बाई थबकल्या. एक सातवीतली मुलगी दाराला पाठ लावून उभी होती. ही इथे का उभी, असं बाईंनी विचारलं. मुख्याध्यापक असल्या प्रश्नांना डगमगणारे नव्हते. आमच्याकडे मुली जोडीनेच येतात, ते म्हणाले, एक आत जाते, एक बाहेर थांबते. कुणी शिकवलं नाही, आपणहून सुरू केलं. सक्षमीकरण म्हणतात ते हेच. बाईंनी ते वहीत उतरवून घेतलं होतं.

आणि आता ही किल्ली. मुख्याध्यापकांनी शिपायाकडे डोळे वटारून पाहिलं. घरचं त्यांनी ठोकून दिलं होतं; किल्ली शिपायाकडेच असणार, असं ते तीन वर्षं धरून चालले होते. कधी मागायची वेळच आली नव्हती.

शिपाई खाकरला. “सर, किल्ली कधी नव्हतीच. असती तरी काय उघडणार? पेटीला दारच नाही.”

मुख्याध्यापकांनी पेटी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिली. मग त्यांना आठवलं. फट मोठी ठेव, कुलूप लांबून दिसलं पाहिजे आणि दहा वाजता फोटोग्राफर येतोय, एवढंच त्यांनी सुताराला बजावलं होतं. उघडण्याबद्दल कुणी बोललंच नव्हतं. सुतार सांगितल्या कामाचा. त्याने अख्ख्या फळीवर झकास पितळी कडी ठोकली, तीत कुलूप अडकवलं आणि तो मोकळा झाला.

“मग फोडा,” बाई म्हणाल्या.

शिपायाने पटाशी घालून वरची फळी उचकटली. पेटी चिठ्ठ्यांनी गच्च भरली होती. मुख्याध्यापकांच्या जिवात जीव आला. मुलं मागून मागून काय मागणार? खेळाचा तास, नाहीतर नवा चेंडू. त्यांना एकदम उत्साह चढला. ती मघाची मुलगी व्हरांड्यातून वर्गाकडे चालली होती, तिला हाक मारून त्यांनी आत घेतलं आणि मूठभर चिठ्ठ्या तिच्या हातात कोंबल्या.

“वाच बाळ, मोठ्याने वाच. इथे कुणी कुणाला घाबरत नाही.”

तिने एक चिठ्ठी उघडली, पाहिली, खाली ठेवली. दुसरी उघडली, तीही ठेवली. तिसरीवरचं अक्षर तिच्या मोठ्या बहिणीचं होतं. बहिणीने शाळा सोडूनही वर्ष होऊन गेलं होतं.

“सगळ्यांत एकच आहे, सर.”

“मग ते एकच वाच.”

मुलीने कागदाची घडी घातली आणि बाईंकडे बघत पाठ असल्यासारखं म्हटलं, “सर, या पेटीला कडी आहे, पण दार नाही. ती कडी काढून आमच्या स्वच्छतागृहाला लावा. तिथे दार आहे, कडी नाही.”