खाटेखालचं पाणी

पहार फरशीखाली शिरली आणि शिरतच गेली. अमृत प्लंबरनं दचकून ती दोन्ही हातांनी मागे ओढली. निम्म्याच्या वर चिखलानं माखली होती.

"भाऊ, खाली जमीनच नाही," तो म्हणाला.

भूषण दाराशी उभा होता. देवपुरातलं हे घर त्यानं स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं. पावसाळा सरला तरी मागच्या खोलीच्या भिंतीची ओल हटेना, पोपडे सुटायला लागले. सगळे नळ बंद ठेवले तरी गच्चीवरची टाकी उतरायची. त्यानं आधी गच्चीला दोष दिला, मग शेजारच्यांच्या न्हाणीला. शेवटी अमृतला बोलावलं. अमृतनं हातोडीच्या दांड्यानं फरश्या वाजवत वाजवत खोली पालथी घातली. खिडकीखालच्या फरश्या रिकाम्या डब्यासारख्या वाजल्या. तिथं भूषणच्या आईची, भिकुबाईची खाट असायची. ती ओसरीवर काढून आता एक फरशी उचलली होती.

भूषणनं वाकून मोबाइलचा उजेड आत धरला. जमिनीतल्या पाइपचा एल्बो, वळणावरचा सांधा, तडकला होता. पाणी मातीवर आदळत होतं आणि सगळा भराव गटारीच्या अंगानं वाहून गेला होता. खाली माणूस उभा राहील एवढा खड्डा पडला होता. वरच्या फरश्या एकमेकींच्या आधारानं नुसत्या अधांतरी टिकल्या होत्या.

"इथं कोण झोपतं?" अमृतनं विचारलं.

"आई."

अमृतनं कपाळाला हात लावला.

तेव्हा खड्ड्यातून एक आवाज वर आला. पाणी खळखळायचं, मध्येच अडायचं, पुन्हा पुटपुटल्यासारखं सुरू व्हायचं. शब्द कळत नव्हते, पण खाली कोणीतरी बसून बोलतंय असंच वाटत होतं.

माय हेच म्हणायची. "खाले कोनी बोलस रे बेटा." खाट ओढून दाराशी आणायची, सून परत जागेवर लावायची. डॉक्टर म्हणाले, या वयात भास होतात. झोपेची गोळी सुरू झाली, तशी माय बोलायचीच बंद झाली. घरात सगळ्यांना वाटलं, गुण आला.

भूषणची बायको हेमांगी त्याच्या मागे येऊन उभी होती. आवाज तिनंही ऐकला.

"रोज मी स्वतः दिली हो गोळी," ती म्हणाली आणि दाराची चौकट धरून खालीच बसली.

भूषण ओसरीवर आला. माय खाटेवर पाय सोडून बसली होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"माय, खाले पानीच शे," तो म्हणाला. "खरंच शे."

मायला नवल वाटलं नाही. "मंग मी दुसरं काय सांगस?" ती म्हणाली. "तुम्ही बठ्ठाच म्हनतस ना, माले भास व्हतस."

भूषणनं मान खाली घातली. आणि तेवढ्यात त्याला दुसरी एक गोष्ट आठवली.

आखाजीला, अक्षय तृतीयेच्या सणाला, त्याची धाकटी बहीण लता बोदवडहून माहेरी आली होती. ती परत गेल्यावर मायनं त्याला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं होतं. "लताले जवाई मारस. मी दखी तिनी पाठ," असं ती म्हणाली होती. भूषण हसला होता. लताचा नवरा नवीन कधी आवाज चढवत नाही, सासरी आला की आधी मायच्या पाया पडतो. भूषणनं ते हेमांगीला सांगितलं आणि दोघांनी ठरवलं, आता माणसांबद्दलही भास व्हायला लागले. त्याच आठवड्यात ते मायला डॉक्टरकडे घेऊन गेले.

लताला त्यानं एका शब्दानं विचारलं नव्हतं.

त्यानं अंगणात जाऊन फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर लतानं उचलला.

"नवीन घरी आहे?"

"नाही, कामावर गेलेत. का रे भाऊ? माय बरी आहे ना?"

"लता, तो तुला मारतो?"

पलीकडून लताचा श्वास ऐकू आला, लांब, तुटक.

"आखाजीला माय म्हणाली होती, भूषणला सांगते," ती म्हणाली. "मी रोज वाट पाहिली. तू आला नाहीस, फोन केला नाहीस. मग मी मनाची समजूत घातली, मायनं तुला सांगितलंच नसेल."

भूषणनं गाडीच्या बॉनेटला हात टेकला.

"तिनं सांगितलं होतं," तो म्हणाला. "मी निघतो. आत्ता निघतो. तू कडी लावून घे, मी येईपर्यंत दार उघडू नको."

घरातून अमृत विचारत होता, मेन कॉक बंद करू का, फरशी सगळी उखडावी लागेल. भूषणनं हातानंच खूण केली, कर, काय करायचं ते कर. किल्ली घेऊन तो वळला तर माय चपला घालून गाडीपाशी उभी होती. कुठे जायचं ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानं तिच्यासाठी मागचं दार उघडलं.

मायनं ते दार ढकलून लावलं आणि पुढच्या दाराला हात घातला.

"मांगली सीट मोकळी ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "लताले पाठ टेकता येत नही."