तिसरा बॉल

"दोन बॉल जोरात टाका अन् तिसरा त्याच झटक्यात हळू सोडा. समोरची फसलीच समजा!" भूपेंद्र सर कॉलेजच्या सॉफ्टबॉल टीमकडून हे रोज घोकून घेत.

पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर गोटे मारतात, त्या दरवर्षीच्या गोटमारीच्या दुसऱ्या दिवशी त्यांची लाडकी पिचर सुचिता नदीपलीकडून, सावरगावहून, उशिरा आली. डोळे सुजलेले.

"सर, बाबाच्या कपाळाले टाके पडले. तुमच्या पांढुर्ण्याकडून दोन गोटे जोरात आले, तवा बाबा वाकला. तिसराही गेला समजून उठला, अन् तो हळूच येऊन लागला. हा डाव तुम्ही कोण्या पोट्ट्याले शिकवला काय?"



"नाही वं, कोणालेच नाही," सर खाली मान घालून म्हणाले आणि बामाचा वास येणारा उजवा हात त्यांनी पाठीमागं नेला.