नवख्यांसाठीचं पान

“एकही ओळ गाळू नका काकू, लिहिलंय तसं करत जा,” असं आमची यादी संगणकावर चढवून देणाऱ्या सिद्धेशने बजावलं होतं. डेटाबेसची, म्हणजे संगणकावरच्या याद्या कशा सांभाळायच्या ते शिकवणारी, ती माहितीपुस्तिका मी पोथीसारखीच वाचत गेले. उदाहरणातल्या नावाच्या जागी आमच्या रक्तदात्यांच्या यादीचं नाव टाकायचं आणि पुढे जायचं. शेवटच्या धड्यात होतं, ‘आता यादी काढून टाका.’ मन कचरलं, पण ओळ गाळायची नव्हती. मी काढली.

पापडी गावापासून सांडोरपर्यंतची चारशे नावं गेली. तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. “विनयाताई, बाळंतिणीला ओ निगेटिव्ह रक्त हवंय. लगेच कोणी मिळेल?”

“पाच मिनिटं द्या,” म्हणाले खरी, पण यादीच उरली नव्हती. कसाबसा सिद्धेशला फोन लावला.

“अहो काकू, तो धडा सरावाच्या यादीवर करायचा असतो!”

“असं कुठे लिहिलंय?”

पलीकडे पानं चाळल्याचा आवाज आला. “कुठेच नाही हो.”

देवाची कृपा, यादीची कालची प्रत त्याच्याकडे होती. त्याने त्यातली दोन नावं सांगितली, मी दवाखान्यात कळवली.

“हे सगळ्यांसाठी खुलं सॉफ्टवेअर आहे,” तो नंतर म्हणाला. “पुस्तिका कोणीही सुधारून पाठवू शकतं. पण जाणकारांना नवखेपणाची भीती कुठली आठवायला?”

“मग नवख्यांसाठीचं पान मी लिहून देते,” मी म्हणाले.

ती भीती अजून ताजी होती. ती विसरायच्या आत मी कागद पुढे ओढला.